होल्डिंग फॉर

कोर्टात केसचा पुकारा झाला की विलासभाऊ तायडे आधी मागे वळून बघायचे. दारातून साहेब येताना दिसतात का, एवढंच. साहेब दिसले नाहीत की ते पुढे व्हायचे, कोटाचं बटण लावायचे आणि न्यायाधीशांकडे बघून म्हणायचे, "होल्डिंग फॉर, सर." आणि मग साहेबांचं नाव.

कोर्टाशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. केस मोठ्या वकिलाच्या नावावर असते, तो दुसऱ्या कोर्टात अडकलेला असतो. अशा वेळी त्याचा ज्युनियर उभा राहून सांगतो, की मी त्यांच्या वतीने हजर आहे. बहुतेकदा तारीख मागण्यापुरतं. नवा वकील वर्ष-दोन वर्षं हे करतो, शिकतो आणि मग स्वतःचा बोर्ड लावतो. मी विलासभाऊंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कानावरचे केस पांढरे झाले होते. आणि ते तारखेपुरते उभे राहत नव्हते. साक्षी घेत होते, उलटतपास करत होते, युक्तिवाद करत होते. सुरुवात मात्र त्याच दोन शब्दांनी.

वकिलीत मी उशिरा आले. आधी शाळेच्या कार्यालयात होते. मुलं मोठी झाल्यावर एलएल.बी. केलं, सनद घेतली आणि अमरावतीच्या एका नावाजलेल्या दिवाणी वकिलांकडे ज्युनियर म्हणून लागले. लागले म्हणजे काय, बसू लागले. लागण्याला पगार असतो. साहेबांनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, "मॅडम, इथे पैसे मिळणार नाहीत. इथे वकिली मिळेल." आवाज भरदार, बोलणं मुद्द्याचं. मलाही ते पटलं. माझ्या घरी नवऱ्याचा पगार होता, म्हणून पटणं परवडलं.

ऑफिस राजापेठेत होतं, एका मेडिकलच्या वर. खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांची गर्दी, त्यातून वाट काढत वर यायचं. वर साहेबांची खोली आणि बाहेर आम्हा ज्युनियर लोकांचं एक लांब टेबल. त्या टेबलाच्या दाराकडच्या टोकाला विलासभाऊ. खुर्चीवर पूर्ण टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. पुढच्या कडेवर बसायचे, हाक आली की उठायला सोपं. साहेब नागपूरला गेलेले असले, तरी त्यांच्या खुर्चीमागच्या कपाटातून फाईल काढताना थोडे वाकून जायचे, साहेब बसलेलेच आहेत असं समजून. कोटाच्या एका खिशात साहेबांचे गळ्याला लावायचे जादा पांढरे बँड, इस्त्री करून कागदात गुंडाळलेले. दुसऱ्या खिशात साहेबांची बीपीची गोळी. स्वतःचे बँड ते बरेचदा विसरायचे आणि बाररूममध्ये कुणाकडून तरी मागून घ्यायचे.

मी एकदा विचारलं होतं, "भाऊ, इतकी वर्षं झाली. साहेब काही ठरवून देतात का दर महिन्याला?"

"दिवाईले पाकीट देतेत ना. शर्टाचं कापडबी."

"आणि बाकी वर्षभर?"

"शिकाले भेटते ना ताई. आखीन काय पाह्यजे?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चेष्टा म्हणून नाही, मनापासून. आणि त्यात खोटं काही नव्हतं. साहेबांचं कायद्याचं ज्ञान खरोखर मोठं होतं, आणि ते शिकवताना हातचं राखत नसत. संध्याकाळी चहा मागवून आम्हाला समोर बसवायचे आणि जुना एखादा दावा धाग्याधाग्याने उकलून दाखवायचे. विलासभाऊंनी तो दहा वेळा ऐकलेला असायचा. अकराव्यांदाही मान हलवायचे.

माझ्यानंतर महिनाभराने सना आली. अमरावतीचीच, वडिलांचं कपड्यांचं छोटं दुकान, घरातली पहिली वकील. पहिल्या आठवड्यात तिच्याकडे एक वकीलपत्र भरायला आलं. वकीलपत्र म्हणजे पक्षकार ज्यावर सही करून आपल्या वतीने बोलायचा अधिकार देतो तो कागद. त्यावर ज्याचं नाव, तो कोर्टाच्या दृष्टीने त्या केसचा वकील. निकालपत्राच्या डोक्यावर त्याचंच नाव येतं. सनाने साहेबांचं नाव लिहिलं आणि खाली आपलं लिहिलं. विलासभाऊंनी तो कागद बाजूला ठेवला आणि तिच्यापुढे कोरा सरकवला.

"नवीन भर पोरी. एकच नाव."

"कावून, भाऊ? काम तर मीच करणार ना?"

"काम करजो ना. कोन नाही म्हनते? नाव नोको टाकू. पक्षकार गोंधयते, आपला वकील कोन म्हनून. साहेबायले आवडत नाही."

"अब्बू रोज पूछते, वकील बन गई क्या. त्यांना काय दाखवू मग?"

"कोट दाखव," विलासभाऊ म्हणाले आणि स्वतःच हसले. सनाही हसली. तिने नवा कागद भरला. ऑफिसची ही पद्धत साहेबांनी कुणाला कधी तोंडाने सांगितली नव्हती. ती सांगण्याचं काम विलासभाऊ करायचे, प्रत्येक नव्या ज्युनियरला, अगदी मायेने.

ते मूळचे मेळघाटातल्या धारणीचे. वडील वनखात्यात होते. लहानपण कोरकू आदिवासी पोरांबरोबर गेलेलं, त्यामुळे कोरकू भाषा त्यांना घरच्यासारखी यायची. साहेबांकडे मेळघाटातले पक्षकार जे येत, ते यांच्यामुळे. एका जमिनीच्या दाव्यात एक कोरकू म्हातारा साक्षीला उभा होता. समोरच्या वकिलाने प्रश्न विचारला की तो पिंजऱ्याचा कठडा धरून खाली बघायचा. न्यायाधीश वैतागले. साहेब नेहमीप्रमाणे दुसऱ्या कोर्टात होते. विलासभाऊंनी परवानगी मागितली आणि तोच प्रश्न कोरकूत विचारला. म्हाताऱ्याने मान वर केली आणि बोलायला लागला. इतका बोलला, की थांबवावं लागलं. नाला कुठून वळतो, कुठलं मोहाचं झाड कुणाचं, कोण केव्हा मेलं. सगळं विलासभाऊ मराठीत सांगत गेले, आणि समोरच्या वकिलाने हरकत घेतली तेव्हा त्यांनी अशा शांतपणे उत्तर दिलं की मागच्या बाकावरचे वकील बोलायचे थांबले. दावा तिथेच फिरला.

बाहेर व्हरांड्यात तो म्हातारा त्यांच्या पायाशी वाकला. विलासभाऊंनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि जिन्याकडे वळवलं. साहेब वर येत होते. "त्यायच्या पाया पड बावा. वकील ते हायेत."

विलासभाऊंच्या घरचं कसं चालतं हे मला कळलं ते एका सकाळी. कोर्टात जाताना ते राजापेठेच्या एका गल्लीत भेटले. कोर्टाची काळी पँट, पांढरा शर्ट, आणि स्कूटरच्या दोन्ही बाजूंना डब्यांच्या पिशव्या. ट्यूशनच्या मुलांच्या खोल्यांवर डबे पोचवून ते तसेच कोर्टात यायचे. डबे त्यांच्या बायकोचे, संगीतावहिनींचे. त्या घरी पोळी-भाजी करून परगावच्या मुलांना पुरवायच्या. घर त्यावर चालत होतं, मुलीची फी त्यावर, विलासभाऊंच्या स्कूटरचं पेट्रोल त्यावर, आणि साहेबांच्या कामासाठी तालुक्याला जायचं बसभाडंसुद्धा. म्हणजे साहेबांच्या ऑफिसचा एक माणूस एक बाई पोळ्या लाटून पोसत होती. साहेबांना हे ठाऊक होतं का? ठाऊक असावं. त्यांनी एकदोनदा तिथला डबा मागवून खाल्ला होता आणि भरीत छान झाल्याचं कळवलं होतं.

वहिनी बोलायला तिखट. मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या कणीक तिंबत होत्या.

"याईचं शिकनं सरतच नाई ताई. माह्या डब्यावर पोट्टे डाक्टर होऊन गेले. हे आखीन शिकूनच राहिले."

विलासभाऊ शेजारी बसून डब्यांची झाकणं लावत होते. "वकिलीत माणूस जन्मभर शिकते, तुले काय समजते?"

"मले एवढं समजते का शिकनाऱ्यानं फी देल्ली पाह्यजे नाई तं कमावनाऱ्यानं पगार आनला पाह्यजे. तुमी दोन्हीत नाई."

मग वहिनींचं मनगट गेलं. आधी मुंग्या यायच्या, नंतर लाटणं हातातून निसटायला लागलं. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि हात ओढणीत गुंडाळून म्हणाल्या, "ताई, माहा हात गेला. आता याईले म्हना, वकील व्हा म्हना."

त्याच सुमारास जिल्ह्याच्या सरकारी वकिलांच्या यादीत नवी नावं घ्यायची जाहिरात निघाली. विलासभाऊंनी अर्ज करायचं ठरवलं. ते हुशार होते, अनुभव दांडगा, कोर्टातला प्रत्येक कारकून त्यांना ओळखत होता. अर्जासोबत स्वतः चालवलेल्या केसेस आणि त्यांच्या निकालपत्रांच्या प्रती जोडायच्या होत्या. सना आणि मी त्यांना मदत करायला बसलो. निकालपत्रांचा गठ्ठा मोठा होता. एकेक उघडायचो. वादीतर्फे वकील म्हणून साहेब. प्रतिवादीतर्फे म्हणून साहेब. ज्या केसमध्ये पहिल्या दिवसापासून शेवटच्या शब्दापर्यंत विलासभाऊ बोलले होते, तिच्याही डोक्यावर साहेब. सना पानं उलटत राहिली. शेवटी म्हणाली, "भाऊ, तुम्ही तर कुठे नाहीच."

"असं कसं? हे बघ, हा उलटतपास माहा हाय."

"तुमचा आहे हे आपल्याला माहीत आहे. इथे कुठे लिहिलंय?"

विलासभाऊंनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी निकालपत्राचं पहिलं पान असं कधी वाचलंच नव्हतं. ते नेहमी शेवटचं पान बघायचे, आपण जिंकलो का हरलो.

एक उपाय होता. या केसेस प्रत्यक्षात विलासभाऊंनी चालवल्या, असा दाखला साहेबांनी द्यायचा. विलासभाऊ दोन दिवस साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी मी फाईल द्यायला आत होते, तेव्हा ते आले आणि बोलले. साहेब रागावले नाहीत. उलट त्यांना बरंच वाटलं.

"अरे, मग आधी नाही का सांगायचं? बैस कॉम्प्युटरवर. मी सांगतो, तू टाईप कर."

आणि विलासभाऊंनी स्वतःचा दाखला स्वतः टाईप केला. साहेब खिडकीबाहेर बघत सांगत होते: श्री. विलास तायडे हे अनेक वर्षांपासून माझ्या कार्यालयात असून ते प्रामाणिक, कष्टाळू व आज्ञाधारक आहेत. त्यांनी मला विविध प्रकरणांत साहाय्य केले आहे.

विलासभाऊंची बोटं थांबली. "साहेब, 'प्रकरणे चालवली आहेत' असं टाकू का?"

साहेब वळले. "विलास, मी खोटं कसं लिहू? वकीलपत्र माझं आहे. कायद्याच्या दृष्टीने केस मी चालवली. आणि असं लिहून दिलं, तर उद्या पक्षकार येऊन विचारतील, मग आम्ही फी कुणाला दिली? तूच सांग, काय उत्तर देऊ?"

युक्तिवाद म्हणून त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

"मंग 'मोलाचे साहाय्य' टाकू?"

"हो, मोलाचे टाक. अवश्य टाक."

त्यांनी मोलाचे टाकलं. प्रिंट काढली. लेटरहेडवर मजकूर जरा तिरका आला, म्हणून दुसरी काढली. साहेबांनी सही केली आणि पाठीवर थाप मारली. "गेलास तर ऑफिस पोरकं होईल बघ. हे ऑफिस तुझंच आहे."

मुलाखतीहून ते आले तेव्हा आम्ही दोघी टेबलाशीच होतो. त्यांनी कोट खुर्चीला लावला, पाणी प्यायले. "झाली," म्हणाले.

"काय विचारलं?"

"फार काही नाही. जज्जसाहेब होते ते, ज्यायच्या कोर्टात आपन तो नाल्याचा दावा चालवला. म्हने, तुमाले पाह्यलंय मी. साहेबांच्या तारखा घ्याले येता ना तुमी?" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "वयखलं पन त्यायनं, ताई."

सना उठून गॅलरीत गेली. यादी लागली त्यात विलासभाऊंचं नाव नव्हतं.

मला याद्या करायची सवय आहे. घरी जाऊन मी त्यांच्यासाठी एक केली आणि मोबाईलवर पाठवली. यापुढे प्रत्येक वकीलपत्रावर नाव. मोफत विधी सेवेच्या यादीत नोंदणी. कोर्टाच्या आवारातल्या शेडमध्ये अर्धं टेबल. धारणीकडचे नवे पक्षकार स्वतः घ्यायचे. साहेबांना तसं स्पष्ट सांगायचं. त्यांनी उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्यातली कोणतीही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असं नाही.

एक मात्र त्यांनी केलं. जमिनीच्या दाव्यातल्या त्या कोरकू म्हाताऱ्याची बहीण, सोमायबाई, ऑफिसात आली. तिच्या नवऱ्याला परतवाड्याच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं होतं. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा होता. तिने साहेबांच्या खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ विलासभाऊंच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, भावाच्या वेळी तू बोललास, माझ्याही वेळी तूच बोल. विलासभाऊ आत गेले, साहेबांची परवानगी घेतली. साहेब म्हणाले, घे ना. त्यांनी बाहेर येऊन कोरं वकीलपत्र काढलं. सना पेनाचं टोपण चावत बघत होती. ॲड. विलास तायडे असं त्यांनी लिहिलं, अक्षर जरा मोठंच आलं. सोमायबाईने अंगठा दिला. सना खालून पेढे घेऊन आली. विलासभाऊंनी पहिला पेढा साहेबांना नेऊन दिला.

तारखेला आम्ही दोघी मुद्दाम त्या कोर्टात जाऊन बसलो. विलासभाऊंनी नवे बँड लावले होते. दाढी गुळगुळीत. सोमायबाई मागच्या भिंतीला टेकून उभी. पट्टेवाल्याने पुकारा केला. विलासभाऊ उठले. मागे वळून त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. ते पुढे झाले, बटण लावलं.

"होल्डिंग फॉर, सर," ते म्हणाले, आणि साहेबांचं नाव घेतलं.

न्यायाधीशांनी फाईल पाहिली, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "तायडे, वकीलपत्र तुमचं आहे. होल्डिंग कुणासाठी?"

कोर्ट हसलं. वाईट हेतूने नाही. तसं हसू कोर्टात रोज होतं. विलासभाऊही हसले. "सवय, सर," म्हणाले. मग बोलायला लागले, पण त्यांचा आवाज बसला होता. मुद्दे विसरले. नेहमी कागद न बघता बोलणारा माणूस त्या दिवशी कागदावर बोट ठेवून वाचत होता. मी सोमायबाईकडे पाहिलं. तिला शब्द कळत नव्हते, पण लोक आपल्या वकिलाला हसले हे कळलं होतं.

संध्याकाळी ही गोष्ट साहेबांपर्यंत पोचली. त्यांनी ती पक्षकारांसमोर रंगवून सांगितली. "याच्या स्वतःच्या केसमध्येही माझंच नाव! अशी निष्ठा आता मिळते का?" सगळे हसले. विलासभाऊ दारात उभे राहून सगळ्यांबरोबर हसले.

पुढच्या आठवड्यात ते टेबलाशी बसून काही लिहीत होते. सोमायबाई समोर होती. नवं वकीलपत्र होतं. त्यावर फक्त साहेबांचं नाव.

"भाऊ, हे काय?" मी विचारलं.

"तिचंच भलं हाय ताई. मोठं नाव असलं का विमा कंपनीवाले वचकून राह्यतेत. मी काय, बोलीनच ना." मग तिच्याशी कोरकूत काहीतरी बोलले. तिने त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि परत अंगठा दिला.

मी महिन्याभरात ते ऑफिस सोडलं. आमचं मूळ घर अकोल्याला होतं, तिकडे परतलो. तिथल्या कोर्टाजवळ एक खोली घेऊन बोर्ड लावला. सुरुवातीला काम थोडं होतं, तरी काही गोष्टी आधीच ठरवून टाकल्या. जो ज्युनियर येईल त्याला पहिल्या महिन्यापासून पगार, थोडा का होईना. वकीलपत्रावर त्याचं नाव माझ्या नावाच्या शेजारी. सहा महिन्यांच्या आत एक तरी केस पूर्ण त्याची. पगार परवडत नसेल तर मी ज्युनियर ठेवायचा नाही, माझ्या फाईली मी उचलायच्या. दोन वर्षं मी उचलल्या. मग सनाचं लग्न अकोल्यात झालं आणि ती आली. आता तिच्या स्वतःच्या केसेस माझ्याहून जास्त आहेत. तिचे अब्बू निकालपत्राच्या पहिल्या पानाची प्रत दुकानात गल्ल्यामागे लावून ठेवतात.

विलासभाऊंना मी तेव्हापासून बोलावत होते. मध्ये साहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. ते घरीच असतात. त्यांचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि खुर्चीवर बसला. मला वाटलं, आता विलासभाऊ मोकळे झाले.

गेल्या उन्हाळ्यात ते आले. अकोल्याच्या कोर्टातून एका निकालाची नक्कल घ्यायला आले होते, साहेबांच्या मुलासाठीच. केस सगळे पांढरे, कोट तोच किंवा तसाच. सनाने त्यांना खिडकीजवळचं टेबल दाखवलं. "हे तुमचं, भाऊ. कधीचं रिकामं ठेवलंय. मेळघाटची माणसं इकडेही येतात, त्यांच्याशी बोलायला आमच्यात कोणी नाही."

त्यांनी टेबलावर हात फिरवला. पण पक्षकारांच्या बाकावर जाऊन बसले. पुढच्या कडेवर.

"वहिनी कशा आहेत?" मी विचारलं.

"डाव्या हातानं करते आता. एक बाई ठेवली सोबत. चालून राहिलं."

"भाऊ, पगार ठरवून देते. लेखी देते. पहिल्या दिवसापासून तुमचं नाव."

"टेबल चांगलं हाय ताई. उजेडबी चांगला हाय." त्यांनी चहा बशीत ओतला. "पन ते पोरगं नवीन हाय. पुन्याचं शिक्षन, इकडची भाषा समजत नाही त्याले. वर्ष-दोन वर्ष शिकवतो त्याले, मंग पाहू."

सनाने सरळ विचारलं, "तो देतो काय तुम्हाला?"

विलासभाऊ ओशाळून हसले. "काका म्हन्ते मले."

सनाने त्यांच्या पुढचा कप उचलला आणि आत गेली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साहेबांच्या मुलाचाच होता. दुपारच्या सत्रात त्याचा एक दावा पुकारला जाणार होता, आणि काय बोलायचं हे त्याला सुचत नव्हतं. विलासभाऊ उठले, नकलेची पिशवी काखेत मारली. मी त्यांना गाडीवरून बसस्टँडला सोडलं. मागे बसल्या बसल्या ते फोनवर बोलतच होते. अमरावतीची बस लागलेली होती. चढले, खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी होते, त्यांना निरोपाचा हात करायला. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"हं, आता उभा राह्य आन् सांग," ते फोनमध्ये म्हणाले, आणि मग त्यांची भाषा बदलली, आवाज बदलला. "सर, धुरा मोजणीच्या आधी सरकवला की नंतर, हा या दाव्यातला एकमेव प्रश्न आहे. वादीच्या साक्षीदाराने तो स्वतःच सोडवून दिलाय. त्याचा उलटतपास बघावा..." मोकळा हात वर उठला, हवेत थांबला, पुढच्या मुद्द्याला खाली आला. तालुक्याच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात इतकं स्वच्छ बोलणारा माणूस मी पुन्हा ऐकला नाही. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. कंडक्टर तिकीट फाडायचं सोडून ऐकत उभा राहिला. बस सुरू झाली, आवाज इंजिनात बुडाला. वळणापर्यंत खिडकीतला तो काळ्या बाहीतला हात हलताना दिसत होता.